धोतराच्या पडद्याआड

उचगावात किंवा शेजारच्या सुळगा, बेकिनकेरेत भजनी मंडळाला नवं मशीन घ्यायचं ठरलं, की आधी वर्गणी होते, मग कुणाची तरी गाडी ठरते आणि चार जाणती माणसं बेळगावच्या बाजारात जातात. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकून आल्यापासून त्या चौघांबरोबर पाचवा म्हणून मी असतोच. त्यामुळे दुकानात काय घडतं ते वर्षानुवर्षं जवळून पाहत आलो आहे. माणसं मशीन उचलून वजन अजमावतात. पुढच्या पट्टीवरून हात फिरवतात, निळे दिवे आणि हलणारे काटे पाहतात, वॅट किती ते विचारतात. मग गाणं लागतं. गाणं लागेपर्यंत निम्मा निर्णय झालेला असतो आणि तो कानांनी केलेला नसतो.

मी शिकत होतो त्या काळात तर डब्यांवर पीएमपीओचे आकडे असत. काखेत मावेल एवढ्या टेपरेकॉर्डरवर हजार वॅट लिहिलेलं असायचं. तो आकडा कसा काढायचा याचं सर्वांनी मानलेलं असं काही माप नव्हतं. सलग वाजवताना त्यातून दहा-पंधरा वॅट निघाले तरी पुष्कळ. तरीही तो टेप घरी आला की शेजारीपाजारी म्हणत, आवाजात काय दम आहे! ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना दम खरोखरच ऐकू येत होता. दुरुस्तीच्या टेबलावर तेच यंत्र उघडून आतला अंगठ्याएवढा ट्रान्सफॉर्मर पाहिला, की मला प्रश्न पडायचा, हा दम येतो कुठून?

उत्तराचा नीट शोध घ्यायची संधी सप्ताहाच्या तयारीत मिळाली. मंडळाचं जुनं मशीन देशी बनावटीचं, पत्र्याच्या काळ्या खोक्यातलं, बरीच वर्षं इमानाने वाजलेलं. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या गावच्या एकाने त्याच्याकडचं परदेशी मशीन ऐकायला म्हणून आणून ठेवलं. चंदेरी, जड, जुन्याच्या कितीतरी पट किमतीचं. दोन्ही लावून पाहिली आणि सभामंडपात एकमत झालं की नव्याचा आवाज गोड, भरीव, आणि जुन्याचा कोरडा. तसंच एक विकत घ्यायचं म्हणून वर्गणीचा आकडाही ठरायला लागला. तो आकडा मोठा होता. भाताच्या आणि रताळ्यांच्या पैशांतून तो उभा राहणार होता. म्हणून मी म्हटलं, एकदा न बघता ऐकूया.

मंडळाच्या बुवांना ते लागलं. "अरे, चाळीस वर्षं मी पेटी वाजवलोय. सूर उतरला तर झोपेतसुद्धा कळतंय मला. आम्ही काय खोटं सांगायलोय व्हय?"

"बुवा, तुमच्या कानावर माझा विश्वास आहे म्हणूनच म्हणतोय, एकट्या कानालाच विचारूया."

हा गैरसमज सगळीकडे होतो आणि तो दूर करायला वेळ द्यावा लागतो. डोळे झाकून ऐकायला सांगणं म्हणजे ऐकणाऱ्यावर संशय घेणं, असं माणसांना वाटतं. खरं तर मेंदूला जे जे कळलेलं असतं, ते सगळं कालवूनच तो आवाज आपल्यासमोर ठेवतो. किंमत कळली, वजन कळलं, आणून देणारा कोण हे कळलं, की तेही त्या आवाजात मिसळतं. वेगळं करून ऐकतो म्हटलं तरी ते करता येत नाही. प्रामाणिक माणसालाही नाही आणि तयार कानाच्या माणसालाही नाही. एकच उपाय उरतो: ती माहिती आत जाऊच द्यायची नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी मळेकरणीच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्यांची वर्दळ असते, ते दिवस टाळले. रात्री जेवणं झाल्यावर सभामंडपात बसलो. यंत्रांसमोर दोरी बांधून तिच्यावर धुतलेलं पातळ धोतर टाकलं. कुणीतरी घोंगडी आणली होती, ती परत पाठवली. स्पीकरचे बॉक्ससुद्धा पडद्यामागे जाणार होते, आणि घोंगडी बारीक आवाज, म्हणजे टाळांची किणकिण आणि शब्दांतले स-श, गिळून टाकते. धोतरातून ते जवळजवळ जसेच्या तसे येतात.

सगळ्यांत महत्त्वाचं काम म्हणजे दोन्ही मशीनचा आवाज एका पातळीवर आणणं. याबाबतीत कानावर विसंबून चालत नाही. दोन आवाजांत अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असेल तर एक मोठा आहे असं ऐकणाऱ्याला वाटतच नाही. एक चांगला आहे असं वाटतं. त्याला कारण आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भराभर वर येतो. त्यामुळे जरासं मोठं वाजलेलं यंत्र लगेच भरीव वाटतं. दुकानात महाग मशीनचं बटण केसभर पुढे असलं तर तेवढ्यावर सौदा होतो, मग तसं कुणी मुद्दाम केलेलं असो वा नसो.

मी मोबाइलवरून 400 हर्ट्झचा सलग सूर सोडला, कारण साधा मल्टीमीटर साधारण तेवढ्यापर्यंतच भरवशाचा असतो. बॉक्सच्या तारांवर मीटर लावून दोन्ही मशीनचे व्होल्ट जुळवले. फरक एक टक्क्याच्या आत आला म्हणजे तो 0.1 डेसिबलपेक्षाही कमी झाला. तेवढा कुठल्याच कानाला कळत नाही. मीटर लावल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की आदल्या रात्री सगळ्यांनी ऐकलं तेव्हा चंदेरी मशीन दीड डेसिबलने वर होतं.

पडद्यामागे भाच्याला बसवलं. त्याच्याकडे एक स्विच. दोन मशीनच्या बाहेर जाणाऱ्या तारा चुकूनही एकमेकींना लागल्या तर मशीन जळतं, म्हणून एक पूर्ण सुटल्याशिवाय दुसरं जोडलं जाणार नाही असा स्विच मी बनवला होता. नाणं उडवायचं, छापा आला तर एक मशीन, काटा आला तर दुसरं, आणि वहीत लिहायचं. तो कुणाला दिसणार नाही आणि बोलणारही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हिशेब करणाऱ्या एका घोड्याची तपासणी झाली होती. प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड दिसेनासं झालं की त्या घोड्याचं गणित संपायचं. तो चेहरा वाचत होता. माणसं चेहरा त्याहून चांगला वाचतात. म्हणून उत्तरं टिपायला वेगळा मुलगा, आणि त्यालाही आत काय चाललंय ते माहीत नाही.

किती वेळा बरोबर आलं म्हणजे कळलं म्हणायचं, हेही आधीच सांगून ठेवलं. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. 16 पैकी 12 किंवा जास्त बरोबर आली, तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता 100 मध्ये 4 पेक्षा कमी. तेवढी आली तर फरक आहे असं मी मान्य करणार होतो, आणि वर्गणीत माझा वाटा पहिला पडणार होता.

कुमार गंधर्वांचं एक ध्वनिमुद्रण लावलं. कुमारजी इथल्याच सुळेभावीत जन्मलेले, त्यांच्या आवाजाशी सगळ्यांची ओळख. शिवाय आमच्याच मंडळाचं रेकॉर्ड केलेलं पखवाज आणि टाळांचं एक आवर्तन घेतलं. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा धुमार आणि टाळांचा खणखणाट यांच्यामध्ये ऐकू येणारा जवळजवळ सगळा पल्ला बसतो.

सगळ्यांची उत्तरं निम्म्याच्या आसपास आली. बुवांची, पखवाजीची, मंडपवाल्याची आणि ज्याने मशीन आणलं त्याचीसुद्धा. बाराचा आकडा कुणीच गाठला नाही. बुवा वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मला तर दर वेळी वेगळं वाटत होतं. खरं ते वेगळं कुठलं, तेच धरता येईना."

बोस्टनमध्ये याहून कितीतरी मोठा प्रयोग झाला आहे. मायर आणि मोरन या दोघांनी जास्त बारकाव्याने मुद्रित केलेल्या सुपर ऑडिओ सीडीचा आवाज आणि तोच आवाज साध्या सीडीच्या दर्जावर उतरवून, असे दोन्ही पडद्याआड ऐकवले. 554 वेळा विचारलं, 276 वेळा बरोबर उत्तर आलं. ते 2007 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्यावर आक्षेपही आले, वापरलेल्या काही तबकड्यांचं मूळ मुद्रणच तेवढं बारकाव्याचं नव्हतं असे. तो वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणारे होते आणि त्यांनाही हात टेकावे लागले.

आमच्याकडे पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. धोतर काढलं आणि तीच दोन मशीन, जुळवलेल्या पातळीवर, समोर ठेवून पुन्हा वाजवली. लगेच चारपाच जण म्हणाले, "आता बघा, आता कळतंय. हे गोडच आहे." मलाही तसंच वाटलं. मीटर मी लावला होता, वही मी वाचली होती, आणि तरी चंदेरी मशीनवर कुमारजींचा आवाज मऊ लागत होता. आजही ते मशीन समोर ठेवलं तर तसाच लागेल. दिसणं थांबवल्याशिवाय हे थांबत नाही.

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 साली हार्मन या कंपनीत 40 जणांवर हेच पाहिलं होतं. ते दोघे त्याच कंपनीतले, ऐकणारेही तिथलेच कर्मचारी. चार स्पीकर होते. समोर दिसत असताना मोठ्या आणि महागड्या स्पीकरना भरपूर गुण पडले, लहान स्वस्त संचाला फार कमी. पडद्याआड तेच ऐकवले तेव्हा अंतर आक्रसलं आणि लहान संच चांगलाच वर आला. त्याहून बोलकी गोष्ट अशी: पडद्याआड ऐकताना स्पीकर खोलीत कुठे ठेवला आणि कुठलं गाणं लावलं याने गुण बदलत होते, तसे ते बदलायलाच हवेत. दिसत असताना मात्र जागा बदलली काय आणि गाणं बदललं काय, गुण फारसे हलेनात. डोळ्यांनी एकदा ठरवलं होतं, मग कानांना विचारलंच गेलं नाही.

स्पीकरची परीक्षा आम्ही पुढच्या बैठकीत घेतली आणि तिचा रंग पूर्ण वेगळा होता. गावातल्या सुताराने प्लायवूडचा बनवलेला बॉक्स, बाजारातला नावाजलेल्या मेकचा प्लास्टिकचा बॉक्स आणि मंडपवाल्याचा छातीएवढा उंच बॉक्स, असे तीन. स्पीकरच्या बाबतीत जागा फार घोळ घालते. भिंतीच्या कोपऱ्यात गेला की खर्ज वाढतो. म्हणून खडूने एक चौकोन आखला आणि दर वेळी पोरांनी त्याच चौकोनात बॉक्स आणून ठेवायचा. या अदलाबदलीत वेळ जात होता, आणि आवाजाचे बारकावे मनात फार थोडा वेळ टिकतात. हार्मनच्या प्रयोगशाळेत म्हणूनच स्पीकर आपोआप सरकून काही सेकंदांत जागेवर येतील अशी यंत्रणा बसवली आहे. आमच्याकडे चार तगडी पोरं होती.

इथे कुणाला अंदाज करावाच लागला नाही. तिन्ही बॉक्स ओळखू येत होते. हरिपाठाला येणाऱ्या बायकांतली एक मावशी सहज बसली होती. ती तर एकदाही चुकली नाही. "ह्या डब्यात स टोचतोय बघ बाळ. आणि त्या डब्यात बाई समोर बसून म्हटल्यागत लागतंय." तिला समोर बसल्यागत वाटला तो सुताराचा बॉक्स. पखवाजासाठी मात्र तिने आणि बहुतेकांनी बाजारातला प्लास्टिकचा निवडला. त्याचा खर्ज खोल होता आणि तो खरोखर ऐकू येत होता. मंडपवाल्याचा उंच बॉक्स शब्दांच्या बाबतीत सर्वांत मागे राहिला. धोतर काढल्यावर तो चटकन वर चढला. एवढ्या मोठ्या बॉक्सचा आवाज कमी कसा असेल, असंच प्रत्येकाच्या तोंडावर होतं. आणि सुताराचा खाली आला.

त्या सुताराला मी मुद्दाम बोलावून वही दाखवली. बाजारातल्या मालाशी आपल्या कामाची तुलना करताना तो नेहमी आवाज खाली घेऊन बोलतो. त्याने कडेला किती जाड प्लाय वापरलंय, आत कुठे आडवी पट्टी ठोकलीय म्हणजे खोका थरथरत नाही, हे त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. पडद्याआडच्या परीक्षेबद्दल मला एवढी आस्था आहे त्याचं हे मोठं कारण आहे. नाव नसलेल्या माणसाच्या कामाला याहून सरळ न्याय मिळताना मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

व्हायोलिनवाल्यांचा प्रयोग मी बुवांना सांगितला तो याच ओघात. 2010 साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या व्हायोलिन स्पर्धेच्या वेळी क्लॉडिया फ्रिट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी 21 वादकांना सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरीची आणि एक ग्वार्नेरीचं, ज्यांच्या किमती ऐकून गरगरावं अशी. खोलीत उजेड अगदी कमी, वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचे चष्मे, आणि जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून हनुवटीच्या जागी थोडं अत्तर. सर्वांत जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हरीला.

बुवा ते ऐकून पेटीवर आले, आणि येणं साहजिक होतं. बेळगावच्या पं. रामभाऊ विजापुरे यांनी (1917–2010) जन्मभर संवादिनी वाजवली, शिकवली. त्यांच्या ऐन उमेदीत, 1940 साली, ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. साथीपुरती वाट मोकळी व्हायला 1971 उजाडावं लागलं. पेटीतून मींड निघत नाही, तिचे बारा सूर ठोकून बसवलेले, हे आक्षेप कानाला पटण्यासारखे आहेत; कुणीही डोळे मिटून ऐकावं आणि ठरवावं. पण ती परदेशातून आली, ही तक्रारही त्यात होती, आणि ती कुठल्याही कानाला ऐकू येणारी नाही. त्या दोन तक्रारी एकत्र बांधल्या गेल्या, आणि तीसेक वर्षं वादकांनी सोसलं.

मशीनच्या परीक्षेचा एक भाग राहिला होता, तो सांगितला नाही तर सगळी यंत्रं सारखीच असा चुकीचा अर्थ निघेल. सप्ताहात शेवटच्या दिवशी कीर्तनाला माणसं मंडपाबाहेर रस्त्यापर्यंत बसतात. त्या आवाजाला जुनं मशीन चढवलं तेव्हा ते फाटलं. लाटेचे वरचे-खालचे माथे कापले जातात आणि आवाज खरखरीत होतो. ते पडद्याआडून लहान पोरालाही कळलं. नव्याची ताकद जास्त, ते फाटलं नाही. म्हणजे कमतरता गोडव्याची नव्हती, वॅटची होती. आणि वॅटचा हिशेबही सरळ नसतो: दुप्पट वॅटने आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो, कानाला दुप्पट मोठा वाटायला जवळपास दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा बाहेरच्या माणसांजवळ आणखी एक बॉक्स नेऊन ठेवणं स्वस्त पडतं.

मंडळाने तेच केलं. वर्गणी ठरली होती तिच्या लहानशा भागात देशी बनावटीचंच पण जास्त वॅटचं मशीन आलं, सुताराला दोन बॉक्स सांगितले, आणि कीर्तनकारासाठी एक चांगला माईक घेतला. माईकही धोतराआडूनच निवडला. तिथे मावशीच्या स-श ऐकणाऱ्या कानाचा शब्द शेवटचा ठरला. पुण्याच्या त्या गृहस्थाने त्याचं चंदेरी मशीन परत नेलं. ते त्याला आवडतं आणि ते त्याने वापरावंच. देखणी वस्तू घरात असण्याचा आनंद खरा असतो.

आता बुवांच्या मनात पेटी आहे. भजनी मंडळांत जर्मन सुरांच्या, म्हणजे रीडच्या, जुन्या पेटीला केवढा मान असतो, आणि गुजरातेतल्या पालिताण्याच्या सुरांना तोंडं कशी वाकडी होतात, हे मी लहानपणापासून ऐकतो. बुवांची स्वतःची पेटी जर्मन सुरांची, वडिलांकडून आलेली. ती आणि पालिताण्याच्या सुरांची एक नवी पेटी धोतरामागे ठेवायची, असं त्यांनीच काढलं. यात मशीनपेक्षा अडचणी जास्त आहेत. वाजवणाऱ्याच्या बोटांना पट्टीचा दाब आणि भात्याचा भार लगेच कळतो, म्हणून डोळे बांधून भागणार नाही. पेटी कुणी तिसऱ्याने वाजवायची आणि बुवांनी फक्त ऐकायचं, असं सध्या ठरतंय. दोन्ही पेट्या एकाच पट्टीत आणि आधी नीट सुरात लावून घ्याव्या लागतील, नाहीतर बुवा लागलेला-न लागलेला सूर ओळखतील आणि आम्ही समजू की जर्मनी ओळखली. सूर लावणारा कारागीर बोलावलाय. भाताची सुगी आटोपली की बसायचं आहे.